भुताचा हसरा शॉट

“मरणाच्या बाबतीत मी तडजोड करत नाही,” असं हेरंब ढवळीकर म्हणाला आणि आगाराच्या गंजक्या छपराकडे बघत क्षणभर तसाच उभा राहिला. आवाजात असा काही गंभीरपणा होता की लाइटवाल्यांनी बिड्या विझवल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. “हो सर. हो सर. अगदी बरोबर सर. करतो सर,” म्हणत तो सार्वजनिक मुतारीच्या मागे गेला. फोन वाजण्यापुरती रेंज तिथे सगळीकडे होती, बोलण्यापुरती फक्त मुतारीमागे.

परत आला तेव्हा तडजोड झालेली होती.

“लेखक,” तो मला म्हणाला, “नलिनी मॅडम मरत नाहीत.”

“त्या मेलेल्याच आहेत,” मी म्हटलं. “पहिल्या भागात.”

“तसं नव्हे. भूत म्हणून मरत नाहीत. त्यांना मुक्ती नाही. स्टुडिओला तिसरा भाग करायचाय. चौथाही करायचाय.”

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्याआधी हेरंबने आणि मी मिळून ‘मुक्कामी गाडी’ नावाचा एक भयपट काढला होता. त्याने दिग्दर्शन केलं होतं, मी लिहिला होता. साताऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या एसटी आगारात चौकशीच्या खिडकीत एक बाई बसते, नलिनी मॅडम. रात्रीची मुक्कामी गाडी, म्हणजे शेवटच्या गावाला जाऊन तिथेच थांबणारी गाडी, एकदा निघते आणि पोचतच नाही. मॅडम तिची वाट बघत खिडकीत बसून राहतात, तिथेच मरतात, आणि मेल्यावरही लाउडस्पीकरवरून ती गाडी पुकारत राहतात. एवढीच गोष्ट. भूत आम्ही पूर्ण असं कधी दाखवलंच नाही, कारण मेकअपवाला दुसऱ्या दिवशी एका मालिकेला पळाला. खिडकीच्या अर्धगोलातून फक्त हनुवटी दिसायची, आणि आवाज यायचा: “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे.” समीक्षकांनी याला ‘विलक्षण संयम’ म्हटलं. आम्ही नाकारलं नाही.

चित्रपट चालला. आमच्यासकट कुणालाही त्याचं कारण सांगता आलं नाही, त्यामुळे मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओला खात्री पटली की यात काहीतरी फॉर्म्युला आहे. त्यांनी दुसरा भाग विकत घेतला. फॉर्म्युला सापडेपर्यंत आम्हालाही ठेवून घेतलं.

तो हनुवटीमागचा आवाज सांगलीच्या कुमुदताई आरवाड्यांचा होता. वय साठीच्या पुढे, आयुष्य संगीत नाटकांत आणि नंतर सासवांच्या भूमिकांत गेलेलं. दुसऱ्या भागाला त्या तयारच नव्हत्या. हेरंब आणि मी सांगलीला जाऊन त्यांच्या ओसरीवर बसलो, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. एक, यात नलिनी सुटली पाहिजे, गाडी आली पाहिजे आणि बाई शांतपणे मेली पाहिजे. दोन, माझ्या तोंडात दुसऱ्या कुणाचा आवाज घालायचा नाही. तरुणपणी एका चित्रपटात त्यांचा आवाज काढून कुणा मुंबईच्या बाईचा घातला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या.

दुसरी अट त्यांनी करारात लिहून घेतली. पहिल्या अटीवर हेरंबचा शब्द घेतला. मला तेव्हाच वाटलं होतं, बाईंनी उलटं केलं.

“तू सांग ताईंना,” हेरंब आता मला म्हणाला.

“मी का? शब्द तू दिलायस.”

“म्हणूनच तू सांग.”

कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत कुमुदताई आरशासमोर बसल्या होत्या. या वेळी स्टुडिओला पूर्ण भूत हवं होतं, त्यामुळे तोंडाला पांढरा रंग फासलेला होता. पंख्यासमोर हनुवटी वर करून त्या तो वाळवत होत्या.

“काय रे लेखका, तोंड का पडलंय? कोण गेलं?”

“कुणी जात नाहीये ताई. तोच घोटाळा आहे.”

त्यांना लगेच कळलं. रंगवणाऱ्या बाईला त्यांनी हाताने बाहेर जायची खूण केली.

“परवा भाजी आणायला गेले,” त्या म्हणाल्या. “नुसतं म्हटलं, मेथी कशी दिली? तो पोरगा जुडी टाकून मागं सरकला. म्हणाला, आज्जी, तुम्ही बोलू नका, बोटानं दाखवा.”

मी हसलो.

“हस की. मी पण हसले. वैजूच्या डोहाळजेवणाला मात्र हसू आलं नाही.” वैजू म्हणजे त्यांची भाची. आई लवकर गेल्यामुळे ती ताईंकडेच वाढली होती. “आमच्या गल्लीत कुणाचंही डोहाळजेवण असू दे, गाणी म्हणायला कुमुद. आणि माझ्याच पोरीच्या वेळी तिच्या सासूचा फोन. म्हणे, तुम्ही या, पण ओटी भरून झाल्यावर सावकाश या. आणि आल्यावर बोलू नका, पहिलटकरीण आहे, दचकायची.”

“मग गेलात?”

“गेले. गप बसून जिलेबी खाल्ली. नाटकात मी किती वेळा विधवा झाले, सांग? किती वेळा विष प्याले? कुणी हळदीकुंकवाचं आवतण चुकवलं नाही. का? तर पडदा पडला की संपलं, हे लोकांना ठाऊक होतं. या नलिनीचं काही संपतच नाही. गावातल्या प्रत्येकाला वाटतंय ती अजून खिडकीत बसलीय आणि तिचा आवाज तेवढा माझ्याकडं ठेवायला दिलाय. तिला एकदा सगळ्यांच्या देखत मारा, म्हणजे मी सुटले. एवढ्यासाठी आलेय मी. पांढरा रंग फासून घ्यायची हौस नाही मला.”

“स्टुडिओ म्हणतोय—”

“स्टुडिओला म्हणावं, इथं येऊन बोल.”

आणि स्टुडिओ खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याचं नाव इशान सरदेसाई. पार्ल्याचा, तिशीतला, वागायला गोड. स्टुडिओच्या भयपट विभागाचा तो प्रमुख होता, पण स्वतः भयपट बघत नसे, कारण त्याला भीती वाटायची. हे त्याने पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगितलं होतं. त्याच्या गाडीमागून एक टेंपो आला आणि टेंपोतून शीतपेयाचा एक उभा, काचेचा, आत दिवा असलेला फ्रीज उतरला.

“सर, हा वेटिंग रूममध्ये. भूत पहिल्यांदा दिसतं ना, त्याच्या मागे.”

“इशान, आगार वीस वर्षं बंद आहे,” मी म्हटलं. “वीज तोडलेली आहे. फ्रीज चालू कसा?”

“सर, हाँटेड आहे ना.”

“फ्रीज?”

तो विचारात पडला. “नाही, फ्रीज हाँटेड नको. ब्रँडला आवडणार नाही. आपण असं धरू, बाकी सगळं हाँटेड आहे, फ्रीज नॉर्मल आहे.”

हेरंबने फ्रीज मान्य केला. त्याआधी त्याने तरुण नलिनीचं फलाटावरचं गाणं मान्य केलं होतं, आणि भुताने इन्स्पेक्टरला उचलून आपटणं मान्य केलं होतं. प्रत्येक वेळी तो मला बाजूला घेऊन सांगायचा, “हे देऊन टाकू, शेवट वाचवू.” देता देता आमच्याकडे शेवट तेवढा उरला होता, आणि आता ते तोही मागायला आले होते.

“ताईंना मी समजावतो,” इशान म्हणाला. “सीनिअर आर्टिस्टना फक्त रिस्पेक्ट हवा असतो.”

तो खोलीकडे वळला आणि तेवढ्यात आगारातले सगळे लाउडस्पीकर खरखरले. शूटिंगसाठी आम्ही ते जनरेटरवर जोडून घेतले होते.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे,” कुमुदताईंचा आवाज आला. तो, तोच. फाटकाबाहेर शूटिंग बघायला जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. “मुंबईहून आलेले इशान सरदेसाई यांनी ताबडतोब चौकशीच्या खिडकीजवळ यावे.”

ताई चौकशीच्या केबिनमध्ये शिरल्या होत्या आणि आतून कडी घातली होती. दिवसा रात्रीचं चित्रण करायचं म्हणून केबिनला आम्ही सगळीकडून काळं कापड लावलेलं. जाळीखालचा तो अर्धगोल तेवढा उघडा. चौकशीच्या सगळ्या खिडक्यांसारखा तोही अशा उंचीवर होता की उभं राहून बोलता येत नाही आणि बसूनही बोलता येत नाही. इशान कमरेत वाकला.

“ताई, आपण बाहेर बसून बोलू या ना?”

“चौकशी खिडकीवरच होते.” माइक चालूच होता. प्रत्येक शब्द सगळ्या आगारात घुमत होता.

“ताई, तुमचा मुद्दा मला हंड्रेड पर्सेंट पटतो. पण भूत गेलं तर ऑडियन्सला क्लोजर मिळतं, आपल्याला फ्रँचायझी मिळत नाही.”

“मराठीत सांग की, बाळ.”

इशान अडखळला. “म्हणजे… मेलं की संपलं.”

“मग मी दुसरं काय म्हणतेय?”

फाटकाबाहेर कुणीतरी शिट्टी वाजवली.

“ताई, तुम्ही आमच्या युनिव्हर्सचा चेहरा आहात.”

“मला माझ्या गल्लीत तोंड दाखवायचंय. तेवढं झालं की युनिव्हर्सचं बघू. मरणाचा सीन लागेपर्यंत ही खिडकी उघडणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

लाउडस्पीकर खट्कन बंद झाले.

इशान कंबर धरून सरळ झाला आणि हेरंबकडे बघू लागला. हेरंब माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी ‘हे देऊन टाकू’ची सुरुवात ओळखली. पण आता याच्यापुढे ‘वाचवू’ म्हणायला काही उरलेलं नव्हतं, हे बहुधा त्यालाही त्याच क्षणी कळलं. तो फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसला, मांडीवर पिशवी घेऊन.

“सर, काय करताय?” इशानने विचारलं.

“बसलोय.”

मग आमचे छायाचित्रकार मुजावरभाई कॅमेऱ्यावर कापड टाकून त्याच्या शेजारी जाऊन बसले. मीही बसलो. लाइटवाले आले, रंगवणारी बाई आली, इन्स्पेक्टरचं काम करणारा नट गणवेशासकट आला. बाक भरले तसे लोक जमिनीवर टेकले. आगार बंद झाल्यापासून तिथे इतके प्रवासी पहिल्यांदाच बसले असतील.

“हे काय चाललंय?” इशानचा आवाज बारीक झाला होता.

“गाडीची वाट बघतोय, साहेब,” मुजावरभाई म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही वाट बघितली. मधे इशान बऱ्याच वेळा मुतारीमागे जाऊन आला. आतून अधूनमधून ताईंचा घसा साफ केल्याचा आवाज यायचा, तेवढ्याने तो दचकायचा. जेवणाची वेळ झाली तरी कुणी उठेना, तेव्हा त्याने स्टुडिओला शेवटचा फोन केला आणि येऊन पुन्हा खिडकीत वाकला.

“ताई, आपण सीन घेऊन ठेवू. एडिटमध्ये बघू.”

सिनेमाच्या धंद्यात ‘एडिटमध्ये बघू’चा अर्थ ‘कापून टाकू’, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंनाही असावं. पण कडी निघाली.

सीन लगेच घेतला, कुणाचा विचार बदलायच्या आत. लाल गाडी धुक्याच्या यंत्रातून फलाटाला लागली. खिडकीत नलिनी मॅडमनी माइक ओढला. “मुक्कामी गाडी फलाटावर आली आहे,” त्या म्हणाल्या. माइक बंद केला, अर्धगोलाची फळी सरकवली, चष्मा काढून मिटून ठेवला, आणि टेबलावर डोकं टेकून मेल्या. मी ते पान लिहिलं होतं. तरी तो चष्मा मिटताना बघून पुढे काय होणार ते मी विसरलो.

हेरंबने “कट” म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मुजावरभाईंनी हात वर केला. “थांबा. ताई, डोकं वर. इकडं बघा. हसा.”

हे आमच्या धंद्यात सगळीकडे चालतं. पडद्यावर मेलेल्या माणसाला मेलेलं ठेवून कॅमेरा बंद करायचा नसतो, अपशकुन होतो. त्याने उठून, कॅमेऱ्यात बघून एकदा हसायचं, मगच कट. मिरजेचे मुजावरभाई याबाबतीत फार कडक. एकदा एका नटाला हसू येत नव्हतं म्हणून त्यांनी जेवणाची सुट्टी अडवून धरली होती. तो तुकडा पुढे कुणी वापरत नाही, बघतही नाही. तो प्रेक्षकांसाठी नसतोच. तो वर कुणी बघत असेल त्याच्यासाठी असतो.

कुमुदताईंनी डोकं उचललं. पांढऱ्या तोंडाने, सकाळपासून कोंडून घेतलेल्या त्या बाईने थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि त्या हसल्या. अगदी मनापासून, सगळं तोंड भरून. हसता हसताच काहीतरी बोलल्या. काय ते कळलं नाही, कारण फलाटावर ड्रायव्हर गाडी मागे घेत होता आणि हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

“आता कट,” मुजावरभाई म्हणाले.

पुढे महिनाभर स्टुडिओने एडिट स्वतःकडे ठेवलं. आम्हाला बोलावलं ते थेट अंधेरीच्या छोट्या थिएटरात, तयार चित्रपट दाखवायला. इशान होता, आणि त्याचे वरचे साहेब होते. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत आणि ते अंधारातही काळा चष्मा घालून बसत.

चित्रपट आमचा होता असं म्हणता येईल. खांद्यावर हात ठेवून फोटो काढलेला लांबचा नातेवाईक जेवढा आपला असतो, तेवढा. फ्रीज बराच वेळ दिसला. शेवट आला. गाडी लागली, फळी सरकली, चष्मा मिटला, डोकं टेकलं. मी श्वास सोडला. ठेवलं म्हणायचं!

आणि नलिनी मॅडमनी डोकं वर उचललं. पडदाभर पांढरं तोंड. थेट आमच्याकडे बघून त्या हसल्या. त्यांचे ओठ हलले. अंधार. मग अक्षरं: ‘तिसरा भाग लवकरच.’

दिवे लागले. साहेब खुर्चीत मागे सरकलेले होते. “काय हसते ती,” ते हिंदीत म्हणाले. “माझ्या अंगावर काटा आला.”

“सर, हा शॉट तुम्ही आमच्यापासून लपवून ठेवला होता!” इशान हेरंबला म्हणाला. त्याला खरोखर कौतुक वाटत होतं. “फुटेजच्या शेवटी सापडला. भूत मरतं आणि उठून हसतं. तुम्हाला तुमचं मरण, आम्हाला आमचं भूत. ताईपण खूश!”

“इशान,” मी म्हटलं, “तो शकुनाचा शॉट आहे. ते भूत नाहीये. ते नलिनीचं हसणंच नाही, कुमुदताईंचं आहे.”

“एक्झॅक्टली सर! म्हणूनच इतका नॅचरल आहे!”

हेरंब उठून उभा राहिला. “मरणाच्या बाबतीत मी—” त्याने सुरुवात केली. साहेबांनी काळा चष्मा त्याच्याकडे वळवला. हेरंब पाणी प्यायला आणि खाली बसला.

“फक्त हास्याचा आवाज राहिलाय,” इशान म्हणाला. “ताईंना गुरुवारी डबिंगला बोलावलंय.”

गुरुवारी सांगलीच्या गाडीतून ताई दादरला उतरल्या. त्यांना सगळं सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. टॅक्सीत मी ते सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत ऐकत होत्या.

“मुजावरला सांगितलंस?”

“नाही.”

“नको सांगू. माणसाची झोप उडेल.” मग थोड्या वेळाने, “माझी दुसरी अट अजून आहे ना करारात?”

“आहे.”

“मग चल. आधी कुठंतरी चहा पाज.”

डबिंगच्या काचेआड त्या कानाला हेडफोन लावून उभ्या राहिल्या. समोरच्या पडद्यावर त्यांचं स्वतःचं पांढरं तोंड हसत होतं, पुन्हा पुन्हा, तेवढाच तुकडा. अलीकडे मशीनवर रेकॉर्डिस्ट, मागे इशान आणि मी. हेरंब आला नव्हता. त्याला ताप होता.

“ताई, इथे एक हास्य हवं,” इशान माइकवर म्हणाला. “लांब. आतून. असं…” आणि त्याने करून दाखवलं. पार्ल्याच्या बागेत सकाळी आजोबा मंडळी हसतात तसं ते झालं.

“पुन्हा लाव,” ताई म्हणाल्या. रेकॉर्डिस्टने लावलं. “पुन्हा.” पुन्हा लावलं. “या बाईच्या तोंडात शब्द आहे रे. हास्य कुठं बसवू?”

“शब्द काढून टाकू ना,” इशान रेकॉर्डिस्टला म्हणाला. “ओठ हलायच्या आधी काप.”

रेकॉर्डिस्टने पुढेमागे करून बघितलं. “नाही जमणार. हसतच बोलल्यात. शब्द सुरू होतो तिथेच हसू सुरू होतं.”

“मग ताई, त्या शब्दावरच हास्य ओढा.”

“नाही ओढणार.”

“ताई, प्लीज.”

“माणूस काय बोलतंय ते त्याच्या ओठांवर दिसतंय. त्याच्यावर हा-हा-हा घालू? मग माझ्यात आणि त्या पूर्वीच्या मुंबईच्या बाईत फरक काय?”

इशानने माइकचं बटण सोडलं आणि हळूच म्हणाला, “दुसऱ्या कुणाचं तरी हास्य घेऊ. लायब्ररीत आहेत भरपूर.”

काचेआड आवाज जात नव्हता. पण ताईंचं आयुष्य विंगेतली कुजबुज ओळखण्यात गेलेलं. “वकिलाला विचार,” त्या म्हणाल्या. “माझ्या तोंडात दुसऱ्याचा आवाज नाही. लिहून घेतलंय.”

इशान बाहेर जाऊन फोन करून आला. आला तेव्हा त्याच्याकडे बघून मला त्याची जवळजवळ दया आली.

“ताई, तो शॉट सरांना फार आवडलाय. तो नाही राहिला तर माझी नोकरी…”

“शॉट ठेव की. मी कुठं नको म्हणतेय? तुझी नोकरी एका भुतावर चालत असेल ना बाळ, तर दुसरी बघ. माझीपण चालत होती, म्हणून सांगते. कर रे चालू.”

लाल दिवा लागला. पडद्यावर डोकं वर उचललं गेलं, तोंडभर हसू आलं, ओठ हलले. आणि काचेआडच्या बाईने, भुताच्या नाही, सासूच्या नाही, भाजी निवडताना असेल त्या साध्या आवाजात म्हटलं,

“सुटले गं बाई.”

अगदी पडद्यावरच्या ओठांशी ओठ जुळवून. त्या दिवशी हॉर्नखाली दबलेलं ते तेच होतं.

रेकॉर्डिस्टने तुकडा पुन्हा लावला, या वेळी आवाजासकट. तेच पांढरं तोंड, तेच हसू. काही क्षणांपूर्वी ते आमच्यावर झडप घालायला उठत होतं. आता एक थकलेली म्हातारी नोकरीच्या शेवटच्या दिवशी खुर्चीतून उठत होती.

ताईंनी हेडफोन काढून खुंटीला लावला. “झालं माझं काम. आता वापर नाहीतर काप. वापरलास तरी नलिनी मेली, कापलास तरी मेली.”

स्टुडिओने आठवडाभर डोकं खाजवलं. शॉट कापावा तर साहेबांचा काटा जातो. ठेवावा तर शब्द येतो. मुका ठेवावा तर आवाज गेल्यासारखा वाटतो. शेवटी साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, ठेवा. त्यांना मराठी फारसं कळत नव्हतं. ती काहीतरी शाप देतेय असं त्यांना वाटलं, असं पुढे इशानने सांगितलं. इशानने त्यांना अर्थ सांगितला नव्हता. त्या मुलाबद्दल माझं मत तिथे थोडं बदललं. ‘तिसरा भाग लवकरच’ ही अक्षरं मात्र कुणीतरी काढून टाकली. कुणी, ते मी विचारलं नाही.

पहिल्या शुक्रवारी सांगलीच्या दुपारच्या खेळाला मी ताईंबरोबर बसलो. थिएटर अर्धं भरलेलं. फ्रीज आला तेव्हा लोक हसले. इन्स्पेक्टर आपटला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेवट आला, चष्मा मिटला, डोकं टेकलं. मग डोकं उठलं, आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईने किंकाळीसाठी तोंड उघडलं.

“सुटले गं बाई,” पडद्यावरून आवाज आला.

त्या बाईचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने पदर डोळ्यांना लावला. “सुटली बिचारी,” ती शेजारणीला म्हणाली.

बाहेर पडताना ताई पायऱ्यांवर कुणाला तरी “जरा वाट द्या हो” म्हणाल्या आणि पुढच्या रांगेतली तीच बाई गर्रकन वळली. आवाज ओळखला होता. एका हाताने पोराचं बोट धरलेलं. मी नकळत पुढे झालो. बाईने ताईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुम्हीच ना त्या?”

“हो.”

“बरं झालं गेलात,” ती म्हणाली, आणि पोराला ताईंच्या बाजूला सरकवून गर्दीत निसटलेली आपली चप्पल शोधू लागली.

“मलापण बरं वाटलं,” ताई म्हणाल्या, आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला. ते दचकलं नाही.

रिक्षात बसताना त्यांनी मला सांगितलं की वैजूला मुलगी झालीय आणि रविवारी बारसं आहे. “सासूचा फोन होता. पाळण्यापासून लांब बसा म्हणाली. पण गाणं म्हणा म्हणाली.”

“मग?”

“पाळण्याला टेकून म्हणणार आहे. बघू कोण उठवतंय.”

चित्रपट एक आठवडा चालला. तिसरा भाग निघाला नाही. हेरंब आता जाहिराती करतो. दुसरा भाग एका वाहिनीवर रविवारी दुपारी अजून लागतो. वेळेत बसत नाही म्हणून शेवट कापतात आणि गाडी फलाटाला लागायच्या आधीच बातम्या सुरू होतात. फ्रीज पूर्ण दाखवतात.